मौन पुढच्या चढाईपर्यंत

रत्नागिरी,
३ डिसेंबर २०२५

अपूर्व यांस,

'यांस' मुद्दाम लिहिलं आहे. उगाच जवळीक नको.

तुझा आवाजी निरोप मिळाला. "ओम्या, जुनी जोडी परत टेबलावर. फाडून टाकू." एवढाच. मागे कुणीतरी हसत होतं आणि चहाचे कप वाजत होते. मी उत्तर बोलून पाठवणार नाही. बोललेलं खोडता येत नाही, आणि तुझ्याशी बोलताना मला पूर्वीही वाक्य पुरं करायला मिळत नसे. म्हणून हे पत्र तुझ्या अंधेरीच्या ऑफिसवर टाकतो आहे. पत्ता तुमच्या ॲपवरून घेतला. तिथे 'समालोचक' हा शब्द एकाच पानावर दोन तऱ्हांनी चुकवलेला आहे. तू रोज तिथे बसतोस, तुझ्या डोळ्यांना तो खुपत नसेल.

जानेवारीतल्या महिला कबड्डीच्या अंतिम सामन्याला कॉलेजने तुला पाहुणा समालोचक म्हणून बोलावलं आहे, हे मला तुझ्या आधी कळलं. पाहुण्यांच्या खुर्चीसाठी नवी गादी आणायला मलाच पाठवलं होतं. मी अजून कॉलेजच्या रेडिओवर, कातळवाणीतच आहे. नळीसारख्या त्या लांबट खोलीत, जिच्या भिंतींना आपण दोघांनी मिळून अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. फरक इतकाच, की गेल्या जानेवारीपासून मी माइकसमोर बसत नाही. वायरी गुंडाळतो, कृषीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या बागायतदारांना पाणी देतो, आणि पहिल्या वर्षाची मुलं 'प्रक्षेपण' नीट म्हणेपर्यंत काचेपलीकडून त्यांच्याकडे बघत बसतो.

तुझे वडील परवा खोलीत आले होते. परशुरामकाका संस्थेच्या कार्यकारिणीवर आल्यापासून दार वाजवत नाहीत. म्हणाले, "ओमकार, अपूर्वची इच्छा आहे की तूच त्याच्याबरोबर बसावंस. आमचीही हरकत नाही. फक्त सुरुवातीला एक वाक्य बोलून टाक, की गेल्या वर्षी तुझी चूक झाली. रेडिओवर बोलला होतास ना, मग रेडिओवरच मिटव. त्यानंतर माइक कायमचा तुझा."

मी बघतो म्हणालो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझी इच्छा होती असं ते म्हणाले. माझा विश्वास बसलेला नाही.

तुमच्या ॲपवरचं तुझं समालोचन मी ऐकत नाही. वेळ नसतो. मागच्या शुक्रवारी हरियाणाच्या त्या डाव्या कोपरारक्षकाला तू 'रेडा' म्हणालास, आणि तो पायाला लागून बाहेर गेला तेव्हा 'गेला रेडा पाण्यात' म्हणालास. त्या मुलाने तुझं काय वाकडं केलं होतं? चांगली पकड केली होती त्याने. पकड कशी केली, घोटा धरला की मांडी, हे तू सांगितलंच नाहीस. पूर्ण सामनाभर तू फक्त आपले, आपले, आपले करत होतास. तुला ऐकणाऱ्याला सामन्यात काय झालं ते कळत नाही, फक्त आनंद कधी मानायचा ते कळतं.

वासंतीबाईंच्या टेबलावर शिकलेला माणूस असा बोलतो, याची लाज तुला वाटत नसेल तर त्यांच्या वतीने मला वाटते.

ओमकार
(ओंकार नव्हे. तीन वर्षांत तुला हेही जमलं नाही.)


रत्नागिरी,
१२ डिसेंबर २०२५

अपूर्व यांस,

पत्राला उत्तर म्हणून तू पुन्हा आवाजच पाठवलास. "सोड ना यार, एक वाक्य तर आहे. बोल आणि मोकळा हो. लोक विसरले पण."

लोक विसरलेले नाहीत. आपला शिपाई काशीराम मला रोज सकाळी कुलूप उघडताना विचारतो, "काय जावई, सासरचे बरे हायत ना?" सासर म्हणजे राजापूर. मी राजापूरच्या संघाच्या बाजूने बोललो म्हणून मी राजापूरचा जावई. पावसाळ्यात राजापूरच्या अर्जुना नदीला पूर आला तेव्हा तो म्हणाला, "जा रे बघून ये, सासू वाहून जायची." कँटीनमधली पोरं अजून हसतात. राजापुरात माझं कुणी नाही. मी तिथे एकदाच उतरलो आहे, एसटी बंद पडली म्हणून.

विसरला असशील तर तूच. तेव्हा मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी खरंच आठवेनासं झालं तर हे उघडून वाच.

नियम कुणी केला ते आधी. वासंतीबाई मराठी शिकवायच्या आणि रेडिओही त्यांनीच सुरू केला. पहिल्याच सामन्याला तू 'आपल्या पोरींनी धुतलं' असं म्हणालास. सामना संपल्यावर बाईंनी आपल्याला समोर बसवलं. "रेडिओच्या ॲपवर हे लांजा, खेड, राजापूर सगळीकडे ऐकू जातं. तिकडे एखादी आई हातातलं काम बाजूला ठेवून मुलीचा सामना ऐकत असेल. ती तुमच्या डोळ्यांनी बघते. तिच्या मुलीला तुम्ही परकी करता?" मग त्यांनी ठरवलं. संघाचं नाव गावाच्या नावाने घ्यायचं. सामन्याआधी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जो संघ येईल त्याच्या चढाया त्याने सांगायच्या, मध्यंतराला अदलाबदल. आणि कुणाच्या तोंडून आपला, आपली, आमचा असं काही आलं, संघाबद्दल असो की माणसाबद्दल, तर दुसऱ्याने पेनाने टेबल वाजवायचं. बोलणाऱ्याने हात वर करायचा, आपला माइक बंद करायचा, आणि पुढची चढाई संपेपर्यंत मौन. तेवढा वेळ दुसऱ्याने दोन्ही बाजू सांभाळायच्या.

तुझ्यासाठी मी टेबल किती वेळा वाजवलं याला गणती नाही. प्रत्येक वेळी तू आधी डोळे वटारायचास, मग 'कधी म्हटलं मी?' असं ओठांनी विचारायचास, आणि मी दुसऱ्यांदा वाजवल्यावर कंटाळून हात वर करायचास. आपण होऊन तू एकदाही हात वर केला नव्हतास. हे लक्षात ठेव.

आता गेल्या वर्षीचा अंतिम सामना. रत्नागिरी आणि राजापूर, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाईला रत्नागिरीची कर्णधार, म्हणजे तुझी धाकटी बहीण आर्या. चिठ्ठीत तुला रत्नागिरी आलेली. म्हणजे ती चढाई सांगण्याचं काम तुझं होतं.

ऊन उतरलं होतं आणि आपलं टेबल रेषेच्या अगदी कडेला, मांडवात होतं. राजापूरच्या दीपालीने आर्याला कोपऱ्यात दाबलं. आर्या आपल्या टेबलाकडे सरकली. तिचा डावा पाय मर्यादेच्या रेषेवरून पलीकडे गेला, पूर्ण पाऊल, आणि रेषेची पांढरी फक्की तांबड्या मातीवर बाहेरच्या अंगाला फिसकटली. त्यानंतर तिने वळून दीपालीच्या खांद्याला हात लावला आणि मध्यरेषेकडे झेपावली. रेषापंच तिच्या पाठीमागे होता, त्याला तिची पाठच दिसली.

तू बघत होतास. तू बोलत होतास, "आर्या डाव्या कोपऱ्यात, आर्या मागे", आणि पाऊल बाहेर पडलं तसा तू थांबलास. मग म्हणालास, "आपली आर्या." जोरात नाही. ओरडूनही नाही. आणि मी पेन उचलायच्या आत तुझा हात वर होता.

माइकचं बटण तू दुसऱ्या हाताने बंद केलंस. मान खाली घातलीस.

मौनात गेलेल्याची बाजू दुसऱ्याने सांगायची. म्हणून मी सांगितली. "आर्याचा डावा पाय रेषेबाहेर पडला आहे. स्पर्श त्यानंतर झाला. पंचांनी गुण दिला आहे." मी एवढंच बोललो. यात कुणाची बाजू आहे ते तू मला दाखव.

राजापूरची माणसं मोबाइलवर आपल्यालाच ऐकत होती. ती मैदानात घुसली. त्यांनी हरकत घेतली. शूटिंग करणाऱ्या सगळ्यांनी आर्याचा हात टिपला होता, पाय कुणीच नाही. मग समितीने टेबलावरच्या दोघांना बोलावलं. मी पाहिलं तेच सांगितलं. तू म्हणालास, "मी मौनात होतो सर. मौनात मी मान खाली घालून बसतो."

हरकत फेटाळली. चषक प्राचार्यांच्या काचेच्या कपाटात गेला. त्याच संध्याकाळी, सामन्याबरोबर मौनही संपल्यावर तू 'रत्नागिरी, रत्नागिरी' म्हणून जो गळा फाडलास तो तुकडा मोबाइलवर गावोगाव फिरला, आणि त्यावर तुला अंधेरीची नोकरी लागली.

तुझ्यासारखा मोठ्या आवाजाचा माणूस मी पाहिलेला नाही. गरज होती तेव्हा गप्प बसण्याची सोयही त्याने नियमात बसवून घेतली. भित्रा माणूस पळून तरी जातो. तू बाईंच्या नियमात शिरून बसलास आणि वर आम्हालाच दाखवलंस की बघा, मी नियम पाळतो.

ओमकार


रत्नागिरी,
२४ डिसेंबर २०२५

अपूर्व यांस,

या वेळी आवाज नाही, नुसता अंगठा. तो मला पोचला.

काल कँटीनमध्ये आर्या आली. मी भाकरीचा डबा उघडत होतो. ती समोर बसली आणि सरळ म्हणाली, "ओमकारदादा, एक विचारू? खोटं सांगायचं नाही."

"विचार."

"माझा पाय बाहेर होता?"

मी म्हटलं, "तुला माहीत नाही?"

"चढाईत कुणी पायाकडे बघतं का? माझं सगळं लक्ष दीपालीच्या हाताकडे. राजापूरच्या मुली मला मेसेज करतात. चोर म्हणतात. मी त्यांच्याशी भांडते, कारण दादा म्हणाला, पाय आत होता."

"दादा म्हणाला? कोणता दादा?"

"आमचा. घरी. बाबांसमोर."

अपूर्व, समितीपुढे तुझी मान खाली होती. घरी ती वर होती असं दिसतं.

मी तिला म्हटलं, "मला जे दिसलं ते मी सांगितलं होतं. रेडिओवर."

तिने माझ्या डब्याचं झाकण उगाच फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच टेबलावर होतात. मग एकाला दिसतं आणि एकाला नाही, असं कसं?"  ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "या वर्षी मी जिंकले तरी लोक म्हणणार, हिचं काय खरं. तुम्ही दोघं बसा मस्त टेबलावर."

तिच्यापाशीही मी तुझ्या हाताबद्दल बोललो नाही. कुणापाशीच बोललो नाही. ते तुझं नाव जपायचं म्हणून नव्हे. सांगूनही कुणाचा विश्वास बसला नसता. संस्थेच्या माणसाचा मुलगा एकीकडे आणि एफ.वाय.ला गटांगळी खाल्लेला वायरवाला दुसरीकडे.

रविवारी वासंतीबाईंकडे गेलो. निवृत्त झाल्यापासून त्या शिरगावला असतात. काजूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी माफीच्या वाक्याचं सांगितलं. माइक परत मिळेल, तेही सांगितलं. त्यांना तुझ्या हाताबद्दल सांगायची वेळ आली नाही, कारण त्याच म्हणाल्या, "मी तेव्हा घरी रेडिओवर ऐकत होते. त्याचं ते 'आपली' ऐकलं मी. एरवी त्याचं 'आपली' उसळून यायचं. ते मात्र जपून टाकलेलं होतं."

मी म्हटलं, "मग बाई, तुम्ही समितीला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आवाज कसा होता ते? मला हसले असते." मग म्हणाल्या, "माणसाला लाज वाटावी म्हणून नियम केला होता मी. त्याने त्याचा आडोसा केला. आता तू काय करणार आहेस?"

मी म्हटलं, "वाक्य बोलणार आहे."

त्यांनी एक काजू फोडून मला दिला आणि म्हणाल्या, "चीक लागेल, हात धू."

ओमकार


रत्नागिरी,
६ जानेवारी २०२६

अपूर्व,

काकांनी वाक्य लिहून पाठवलं. असं आहे: 'गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात भावनेच्या भरात माझ्याकडून चुकीचे समालोचन झाले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' मी त्यांना विचारलं, भावनेच्या भरात हे काढता येईल का? मी भावनेच्या भरात नव्हतो. ते म्हणाले, "अरे, उलट तुझ्या सोयीसाठी घातलंय ते. भावनेत माणसाला सगळं माफ असतं." मी ते वाक्य रोज म्हणून बघतो. 'दिलगीर'वर आवाज नेहमी पडतो. तो पडू नये म्हणून तिथे थोडं थांबून पुढे जायचं, असं ठरवलं आहे.

तू म्हणशील, एवढा तिरस्कार आहे तर बोलतोस कशाला. तर ऐक. माझे बाबा कुर्ल्याला एका सोसायटीच्या गेटवर असतात. त्यांच्या मोबाइलवर रेडिओचं ॲप मीच घालून दिलं होतं. सामना असला की ते एका कानात वायर घालून बसायचे आणि नंतर फोन करायचे. "आज तुझा आवाज बसलेला होता, सुंठ खा." किंवा "ती पकड तू छान सांगितलीस, मला इथे गेटावर दिसली." वर्षभर मी त्यांना सांगतो आहे, की यंत्र बिघडलं आहे, दुरुस्तीला मुंबईला पाठवलं आहे. परवा त्यांनी विचारलं, "मुंबईत कुठे पाठवलंय? मी जाऊन बघतो काय झालं ते."

म्हणून बोलणार आहे. तुझ्यासाठी नाही.

तुझ्याकडून एक गोष्ट हवी. सामन्याआधी आर्याला खरं सांग. समितीला नको, वर्तमानपत्राला नको, घरात, तिला एकटीला. मी रेडिओवर खोटं बोलतो आहे. तू घरात खरं बोल. एवढा वाटा तुझा.

ओमकार


हातखंबा,
२२ जानेवारी २०२६

अपूर्व,

वरचं गाव बघून तुला कळलंच असेल. सोमवारपासून येऊ नको असं काशीरामने सांगितलं. सांगताना जावई म्हणाला नाही, ओमकार म्हणाला. त्यावरून मी ओळखलं. मी मामाच्या दुकानात आहे, हायवेला, ट्रकचे सुटे भाग. मामा बिलं लिहायला देतो. 'क्लच' आणि 'गॅस्केट' नीट लिहिणारा माणूस दुकानात पहिल्यांदाच आला, असं म्हणतो.

झालं ते तुलाही माहीत आहे, पण तू त्याचा काहीतरी तिसराच मजकूर करशील, म्हणून लिहितो.

तू मुंबईहून आलास तो गॉगल डोक्यावर चढवून. मला मिठी मारलीस. माझे हात खालीच होते, ते तुला जाणवलं की नाही ठाऊक नाही. मी विचारलं, "आर्याला सांगितलंस?" तू म्हणालास, "मॅचनंतर सांगतो रे. तिचं कॉन्सन्ट्रेशन जाईल." मग माझ्या पाठीवर थाप मारलीस. "तुझं वाक्य पाठ आहे ना?"

चिठ्ठ्या टाकल्या. मला खेड आलं, तुला रत्नागिरी. काका पहिल्या रांगेत कानात वायर घालून बसले होते. कँटीनच्या भोंग्यावर आपलंच प्रक्षेपण लागलं होतं. माझ्यासमोर त्यांचं वाक्य होतं, आणि मी ते वाचायलाच बसलो होतो. हे तू मानणार नाहीस. मानू नकोस. मी अगदी 'दिलगीर'च्या आधी थांबायच्या जागेवर पेन्सिलने खूण करून आणली होती.

मी सुरुवात केली. नमस्कार, कातळवाणी, महिला कबड्डी, अंतिम सामना, रत्नागिरी विरुद्ध खेड. मग म्हणालो, "गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात". आणि तुझ्याकडे बघितलं. तू मोबाइलवर आपल्या दोघांचा फोटो काढत होतास.

मग मी म्हणालो, "शेवटच्या चढाईत काय झालं, ते सांगायचं राहिलं आहे. ते आता आपला अपूर्व सांगेल."

आणि हात वर केला. माइक बंद केला. मान खाली घातली नाही, तुझ्याकडे बघत राहिलो.

तुला कळायला थोडा वेळ लागला. एक मौनात गेला की दुसऱ्याने बोलायचं असतं. दुसरा तू होतास. तू हसलास. "मंडळी, आमचा ओम्या म्हणजे ना", एवढं बोललास आणि मी पेनाने टेबल वाजवलं. तू थांबलास. सवयीने तुझा हात अर्धा वर आला होता. पण दोघंही मौनात गेले तर रेडिओवर कुणीच उरत नाही, म्हणून तो तसाच खाली आला. भोंग्यावर नुसता मैदानाचा गलका येत होता, आणि त्यातच खेडच्या कुणाच्या तरी आईचा आवाज, "सगुणा, पाणी पी गो."

काका वळून बघायला लागले. तू पाणी प्यायलास. शिट्टी झाली. पहिली चढाई रत्नागिरीची, आर्याची.

अपूर्व, तू ती चढाई नीट सांगितलीस. खोटं कशाला बोलू. "रत्नागिरीची आर्या चढाईवर. खेडचे सातही खेळाडू मैदानात. आर्या उजवीकडून डावीकडे. खेडच्या कोपरारक्षकाने पाऊल पुढे टाकलं आहे." ना फाडणं, ना वाघीण. तुझा आवाज पहिल्या वर्षीच्या मुलांसारखा कापत होता. आर्या तशीच डाव्या कोपऱ्यात दाबली गेली, तशीच मागे सरकली, आपल्या टेबलाकडे, रेषेकडे. आणि तू म्हणालास, "डावा पाय रेषेजवळ. पाय आत आहे." मग थांबलास. "या वेळी आत आहे."

भोंग्यावरून ते गेलं. कँटीनच्या दारातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी कानातली वायर काढली आणि ती हातात धरून बसले. तू माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मीच ते तुझ्या तोंडात घातलं.

चढाई संपली, माझं मौनही संपलं. मी माइक सुरू केला आणि खेडच्या चढाईपटूचं नाव घेतलं.

मध्यंतराला आर्या धापा टाकत टेबलाशी आली. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. "दादा, काय म्हणालास तू?"

तू म्हणालास, "खेळावर लक्ष दे."

तिने मला विचारलं, "काय म्हणाला हा?"

मी म्हटलं, "त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. रेडिओवर."

तिने तुझ्याकडे बघितलं, ते मी लिहीत नाही. त्या वेळी तुझी मान कुठे होती ते तुलाच माहीत आहे.

सामना रत्नागिरीने जिंकला. सरळ जिंकला, कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. गेल्या वर्षीचा चषक कपाटातच आहे आणि तो तिथून कुणी काढणार नाही. संस्था इतकी सरळ नाही. पण बक्षीस समारंभात आर्या या वर्षीचा चषक घ्यायला गेली तेव्हा तिने राजापूरच्या दीपालीला, ती बघायला आली होती, हाताने खूण करून बोलावलं आणि फोटोत आपल्या शेजारी उभं केलं. का, ते निवेदकाला कळलं नाही. तो आपला 'खिलाडूवृत्ती, खिलाडूवृत्ती' म्हणत राहिला.

त्यानंतर तू कुठे गेलास कळलं नाही. गाडी तरी मिळाली असेल. तुमच्या ॲपवर काल मी ऐकलं नाही, पण तू पुन्हा आपले, आपले करत होतास. एका चढाईला मात्र मधेच अडखळलास. सवय लागायला वेळ लागतो, मोडायलाही.

'या वेळी' हे तू म्हणालास की तोंडातून निसटलं, ते मला कळवू नकोस. म्हणालास असं कळवलंस तर मी विश्वास ठेवणार नाही, आणि निसटलं असं कळवलंस तर मला वाईट वाटेल.

सामन्याच्या दिवशीच बाबांचा फोन आला. यंत्र दुरुस्त झालं म्हणून खूश होते. म्हणाले, "सुरुवातीला मधेच गप्प का झालास?" मी म्हटलं, नियम आहे, सांगेन कधीतरी. मग ते म्हणाले, "तुझ्याबरोबर तो दुसरा कोण होता रे? पहिली चढाई काय छान सांगितली त्याने. मला इथे गेटावर तिचं पाऊल दिसलं."

मी तुझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, मुंबईचा पाहुणा होता.

ओमकार